रिकामा चेहरा

उर्कुपाता, ३ ऑगस्ट २००९

चि. नेलिदा,

फळी जळालेली नाही. ती लिमात आहे, तू नोकरी करतेस त्याच संग्रहालयाच्या तिसऱ्या दालनात. पोर्फिरियो मास्तर पेन्शनच्या कागदांसाठी गेले होते, त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आणि परवा येऊन मला सांगितलं. मास्तरांना चष्मा लागतो, पण माझा हात ते चष्म्याशिवायही ओळखतात.

म्हणजे तीन वर्षं आपल्या नात्यातला तो क्लेतो माझ्या तोंडावर खोटं बोलत होता. त्याच्या ताब्यातल्या खालच्या आळीतल्या घरावर त्याने पत्रा घातला, तेव्हाच मी विचारलं होतं, मधल्या खांबावरची फळी कुठाय. कीड लागली होती, चुलीत घातली, म्हणाला. काल त्याच्या दारात जाऊन उभी राहिले. आधी म्हणाला जळाली, मग म्हणाला अर्धी जळाली, मग त्याची बायको आतून ओरडली की एका फेरीवाल्याने नेली. क्लेतोचं मी बघून घेईन. तो पळून पळून जाणार कुठे?

हे पत्र दुसऱ्या एका माणसासाठी आहे. फळीखाली एक कागद लावलाय. मास्तरांनी तो वहीत उतरवून आणला. तुझ्याच इमारतीतला आहे, तरी लिहिते, म्हणजे कोणता ते नीट कळेल:

‘अनामिक लोककलाकार. लाकडावर मातीचे रंग. रेखाटन निरागस, बालसुलभ. परिप्रेक्ष्याचे अज्ञान असले तरी गोडवा आहे. रंगसंगती संयत. टोकाच्या पुरुषाच्या चेहऱ्याचा रंग गळून गेला आहे. तिथे रेघही झोपलेली वाटते. कलाकाराचा उत्साह शेवटी मावळला असावा. त्याच्या शेजारची लहान मुलगी विशेष लोभस.’

निरागस म्हणजे काय, मी मास्तरांना विचारलं. ज्याला वाईट ठाऊक नाही तो, म्हणाले. ती फळी रंगवली तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते आणि ते साल चौऱ्याऐंशी होतं. त्या वर्षी वाईट म्हणजे काय, ते या गावच्या कुत्र्यांनाही ठाऊक होतं.

परिप्रेक्ष्य म्हणजे दूरचा माणूस लहान काढायचा. हे मला माहीत नाही म्हणे. तोमासा काकू पाठीवर पायाचा दगड बांधून चार तास चालत आली होती. दुरून आली म्हणून तिला लहान काढू? घराला ज्याने जास्त दिलं तो फळीवर मोठा. क्लेतो त्या फळीवर बेडकाएवढा आहे, आणि बघ, ते माप चुकलेलं नाही.

‘रंगसंगती संयत.’ रंग आणायची वामांगा शहराची वाट बंद होती, बाई. निळा मिळत नव्हता, हिरवा मिळत नव्हता. विटेचा भुगा, काजळी आणि पिवळी माती, एवढंच घरात होतं. उपाशी माणसाला संयमी म्हणावं, तसलं हे कौतुक.

आणि ‘अनामिक’. मी जिवंत आहे. काल दोन पोती बटाटे काढले.

शिवाय ती आडवी टांगलीय. खांबावर उभी राहायची फळी, पायाकडून डोक्याकडे वाचायची, ती लोकर कातरायच्या मेंढीसारखी कुशीवर पाडून ठेवलीय.

हे सगळं मी शिव्या घालून सोडून देईन. एक गोष्ट सोडणार नाही. मास्तर तिथे उभे असताना दुरुस्तीवाला कोणाला तरी सांगत होता, की उद्घाटनाच्या आधी तो गळालेला चेहरा भरून घेतो. त्या चेहऱ्याला कोणीही ब्रश लावायचा नाही. का, ते विचारू नकोस. थांबव.

आणि तो कागद कोणी लिहिला ते शोध. सापडला की त्या शहाण्याला वरचं सगळं वाचून दाखव. टेकडीवर चढलं की फोन लागतो, पण तिथे निम्मं बोलणं वारा नेतो, आणि यातला एकही शब्द मला वाऱ्यावर सोडायचा नाही. म्हणून बसच्या कंडक्टरकडे देते आहे.

सेफेरिना आत्या


लिमा, ११ ऑगस्ट २००९

आदरणीय आत्या,

तुमचं पत्र मिळालं. फळी तुमची आहे हे कळून आनंद झाला. ती एका व्यापाऱ्याकडून रीतसर पावतीवर घेतलेली आहे आणि पावतीवर गाव वेगळंच लिहिलं आहे, त्यामुळे संग्रहालयाचा त्यात दोष नाही.

मजकूर लिहिणाऱ्या व्यक्तीशी मी बोलले. तिचा हेतू वाईट नव्हता. भिंतीवरच्या कागदाला पन्नास शब्दांची मर्यादा असते. वाचणारा माणूस उभा असतो, त्याचे पाय दुखत असतात, बरोबर मुलं असतात. त्याला दोन-चार ओळखीचे शब्द लागतात. ‘निरागस’ हा आमच्याकडे गौरवाचा शब्द आहे. मोठमोठ्या चित्रकारांबद्दल तो वापरतात. ‘संयत’सुद्धा. वाट बंद होती हे भिंतीवरून कसं कळावं?

फळी आडवी आहे, कारण तिसऱ्या दालनाचं छत खाली आहे.

चेहऱ्याबद्दल. ‘रंग गळून गेला आहे’ ही फळीच्या स्थितीची नोंद आहे आणि तिच्यावर सही झालेली आहे. नियम असा की मूळ रंग गळून गेला असेल तर ती जागा भरता येते. बुस्तियोस हे आमचे दुरुस्तीकार तीस वर्षं हेच काम करताहेत. शेजारच्या आकृत्यांच्या चेहऱ्यांवरून ते डोळे-नाक-तोंड ठरवतील, आणि जवळून पाहणाऱ्याला नवं काम वेगळं ओळखू येईल असं करतील. यात अपमान काहीच नाही. उलट फळी पूर्ण होईल.

एवढ्या एका चेहऱ्यासाठी तुम्ही का चिडलात, ते तुम्हीच विचारू नकोस म्हणता, म्हणून विचारत नाही. कलाकाराचं नाव बदलून घेण्याचा प्रयत्न करते. प्रदर्शनाचं उद्घाटन सव्वीस सप्टेंबरला आहे.

तब्येतीची काळजी घ्यावी.

आपली,
नेलिदा


उर्कुपाता, १७ ऑगस्ट २००९

नेलिदा,

‘लिहिणाऱ्या व्यक्तीशी बोलले.’ आरशासमोर उभी राहून बोललीस का?

मास्तरांची वही परत मागून आणली. पहिल्यांदा वाचलं तेव्हा रागाने डोळ्यांपुढे काही दिसत नव्हतं. आता दिसलं. ‘रेघ झोपलेली.’ हा शब्द लिमाचा नाही, कुठल्या पुस्तकातलाही नाही. तो माझ्या वडिलांचा आहे. जागी रेघ, झोपलेली रेघ. भुकेला रंग, पोट भरलेला रंग. जिच्यावरची माणसं एकमेकांकडे बघत नाहीत ती बहिरी फळी. हे शब्द या पृथ्वीवर एकाच खोलीत बोलले जायचे, आणि त्या खोलीत तीन सुट्ट्या एक पोर मांडीवर पाटी घेऊन बसायची. निरागस आणि परिप्रेक्ष्य तू लिमात उचललंस, त्याला माझी ना नाही. पण माझ्या बापाचा शब्द चोरून तो माझ्याच फळीवर फेकलास.

सही पण तुझीच असणार. मग आता तुझ्या सहीबद्दल ऐक.

रंग गळून गेलेला नाही. तिथे रंग कधी लावलाच नव्हता. बाहेरून दोन्ही सारखंच रिकामं दिसतं, पण चित्राकडे बघायला शिकलेल्या माणसाला त्यातला फरक कळायला हवा. भिंग घे आणि जवळ जा. चेहऱ्याच्या जागी खडूचे तीन हात दिलेत, वर दगडाने घोटलंय. त्यात निवडुंगाच्या काट्याने केलेले दोन टोचे आहेत, डोळ्यांच्या जागा. पिसाने डोळा काढला की काजळी टोच्यात उतरते. वरचा रंग शंभर वर्षांनी गळाला तरी टोच्यातली काजळी निघत नाही. दुसऱ्या कुठल्याही चेहऱ्यात बघ, टोचे काळे असतील. याचे पांढरे आहेत.

तुला हे माहीत नाही, यात तुझी एकटीची चूक नाही. तू आलीस तोवर गावात नवी घरं बांधायची थांबली होती. आम्ही पर्यटकांसाठी हातभर लांबीच्या फळ्या करत होतो, त्यांवर चेहरे आधीच काढलेले असायचे. खऱ्या घराच्या फळीवर चेहरे आधी काढत नाहीत. बाकी सगळं रंगवून ती खांबाला बांधायची. छप्पर घालायच्या दिवशी नातेवाईक जमतात. घराचा धर्मबाप खालून वर एकेक नाव मोठ्याने घेतो. नावं फळीवर लिहायची नसतात, घ्यायची असतात. ज्याचं नाव घेतलं तो पुढे येऊन म्हणतो, ‘इथे आहे.’ मग मी त्याच्याकडे बघून त्याला चेहरा देते. जो मेला असेल त्याच्या वतीने सगळे ‘इथे आहे’ म्हणतात आणि त्याला मिटलेले डोळे मिळतात. उघडे डोळे आलेल्याला, मिटलेले मेलेल्याला. तिसरी रीत आमच्याकडे नव्हती. या माणसासाठी करावी लागली.

तू ‘टोकाचा पुरुष’ म्हणतेस तो शेवटचा नाही. पायथ्याशी देव, त्याच्यावर लगेच तो. फळी त्याच्यापासून सुरू होते. तो घराचा मालक आहे.

ते घर गौदेन्सिओचं. माझ्या भावाचं. तुझ्या बापाचं.

तो कुठल्या बाईबरोबर किनाऱ्याला गेला नाही. छप्पर घालायला अकरा दिवस राहिले होते. सकाळी ट्रक आला, गणवेशातली माणसं उतरली, सात जणांना चढवलं. कशासाठी, ते तेव्हाही सांगितलं नाही आणि पंचवीस वर्षांत कोणी सांगितलं नाही. तुझा बाप अंगणात बसून वासे बांधायचा चामड्याचा दोर वळत होता. फळीवर त्याच्या हातात तोच दोर आहे. छप्पर आम्ही ठरल्या दिवशीच घातलं, कारण दगड-माती आणलेली माणसं जमली होती आणि तुझी आई म्हणाली, तो आला तर त्याला घर तयार हवं. धर्मबापाने त्याचं नाव घेतलं. कोणी काही बोललं नाही. मिटलेले डोळे काढ, असं दोघं-तिघं हळूच म्हणाले. मी पिसाची लेखणी खाली ठेवली. देह बघितल्याशिवाय मी कोणाचे डोळे मिटत नाही.

आणि त्याच्या पोंचोचं टोक धरून उभी आहे ती ‘विशेष लोभस’ मुलगी. तिला चेहरा आहे, कारण ती आली होती. आईच्या पाठीवर होती. नाव घेतल्यावर ‘इथे आहे’ म्हणाली. तीन वर्षांची होतीस.

आता तुमच्या त्या बुस्तियोसला सांग, शेजारच्या चेहऱ्यांवरून तुझ्या बापाचे डोळे ठरवायला. उघडे काढणार आहे की मिटलेले, तेही विचार.

सेफेरिना


लिमा, २ सप्टेंबर २००९

आत्या,

पंधरा दिवस तुमचं पत्र पिशवीत घेऊन फिरते आहे. चार वेळा उत्तर लिहिलं आणि फाडलं. हे फाडणार नाही.

होय, कागद मी लिहिला. पेटी उघडली तेव्हाच तुमचा हात ओळखला होता. बोटं तशी कोणीच काढत नाही, अंगठा इतका लांब. तरीही ‘अनामिक’ लिहिलं. नाव लिहिलं असतं तर नातं सांगावं लागलं असतं आणि काम दुसऱ्या कोणाकडे गेलं असतं. ते मला जाऊ द्यायचं नव्हतं. का, ते ऐका.

मी चौदा वर्षांची होते. खोलीत चार गिऱ्हाईकं बसली होती. तुम्ही माझी फळी उचललीत, त्यांना दाखवलीत आणि म्हणालात, ‘हिची रेघ झोपलेली आहे. हिने शहरात जाऊन कारकुनी करावी.’ ते हसले. तुम्ही फळी पालथी ठेवलीत. दुसऱ्या दिवशी मला बसमध्ये बसवलंत. त्यानंतर मी हातात ब्रश धरला नाही. मी कारकुनी केली. दुसऱ्यांच्या चित्रांखाली पन्नास शब्द लिहायला शिकले. आणि चौदा वर्षांनी तुमची फळी माझ्या टेबलावर आली. तुम्हाला मार्क द्यायची पाळी माझी होती, आणि ती मला आवडली. ‘झोपलेली’ हा शब्द मी मुद्दाम निवडला. तो तुमच्यापर्यंत पोचेल असं वाटलं नव्हतं. खरं म्हणजे वाटलं होतं.

एवढी माझी बाजू. ती वाईट आहे, मला कळतं. आता तुमची.

मी एकोणीस वर्षांची असताना इका शहरात तीन दिवस फिरले. आईने तेच गाव सांगितलं होतं. बाप तिथे एका दुकानवालीबरोबर राहतो आणि ट्रक चालवतो. तीन दिवस मी तिथल्या ट्रकतळावर पन्नाशीच्या प्रत्येक ड्रायव्हरचं तोंड निरखलं. सापडला की थोबाडीत मारायची, एवढं एकच ठरवून गेले होते. कोणाचंही नाक माझ्यासारखं वाटलं की मागे जायचे. एकाने विचारलं, बाळ, कोणाला शोधतेस? म्हटलं, एका हरामखोराला. तो म्हणाला, मग इथे रांग लाव.

हे तुम्ही मला करू दिलंत. तेव्हा तो कुठे आहे हे कोणालाच माहीत नव्हतं, पण तो कुठे नाही हे तुम्हाला माहीत होतं. मी पंचवीस वर्षं त्याला शिव्या दिल्या. त्याचं नाव आलं की खोलीतून उठून गेले. आई दोन वर्षांपूर्वी गेली. तिच्या दफनाला तुम्ही आलात, माझ्या घरी चार दिवस राहिलात, माझ्या समोर बसून चहा प्यायलात. त्या चार दिवसांत वेळ मिळाला नाही?

आणि आता सांगता, तेही कशासाठी? फळीसाठी. फळी सापडली नसती तर मी मरेपर्यंत इकातच त्याला शोधत राहिले असते.

तुम्ही मला लिहिलंत की बाहेरून दोन्ही रिकामं सारखंच दिसतं आणि शिकलेल्या माणसाला फरक कळायला हवा. माझ्या घरात बापाची जागा रिकामी होती. ती गळून गेलेली की कधी भरलीच नव्हती, हे मला कोण शिकवणार होतं?

बुस्तियोस चौदा तारखेला काम सुरू करणार आहेत. टोचे मी अजून पाहिलेले नाहीत. तिसऱ्या दालनात जायचंच टाळते आहे. काय करायचं ते मी ठरवीन. या वेळी तुम्ही ठरवू नका.

नेलिदा


उर्कुपाता, ७ सप्टेंबर २००९

नेलिदा,

तुझं पत्र काल दुपारी आलं. लगेच लिहायला बसले आहे, कारण आज रात्रीची बस चुकली तर मग गुरुवारीच.

एमिलियानाने मला फळीवर हात ठेवून शपथ घ्यायला लावली होती, की हे तुला सांगायचं नाही. तुझ्या आईला दोष देऊ नकोस, निदान पुरतं ऐकल्याशिवाय. तुला घेऊन ती लिमात खोली शोधत होती. पहिल्या घरी मालकिणीने विचारलं, नवरा कुठे? तिने खरं सांगितलं. दार बंद. ज्याला गणवेशवाले नेतात त्याने काहीतरी केलेलं असणार, आणि त्याच्या बायकोनेही. दुसऱ्या घरीही तसंच. तिसऱ्या घरी म्हणाली, दुसऱ्या बाईबरोबर पळाला मेला. खोली मिळाली, वर एक घोंगडी आणि वाडगाभर सूप मिळालं. पळून गेलेल्या नवऱ्याची बायको सगळ्यांना चालते. मग ती तेच सांगत राहिली. पुढे काळ बदलला, पण तोवर तू मोठी झाली होतीस आणि त्याला शिव्या द्यायला शिकली होतीस. हिचा राग काढून घेतला तर हिच्याकडे उरेल काय, असं तिने मला विचारलं होतं. मी शपथ पाळली.

दफनाच्या वेळी सांगायला हवं होतं. तू मला ‘तुम्ही’ म्हणत पाहुणीसारखा चहा दिलास, बशीत रुमाल ठेवून. मला राग आला आणि मी गप्प बसले. ही माझी चूक आहे. मी ती एकदा लिहिली, पुन्हा लिहायला लावू नकोस.

आणखी एक. तुझी रेघ झोपलेली नव्हती.

त्या सुट्टीत तू खालच्या आळीत जाऊन आली होतीस, कुलूप लावलेल्या घराच्या फटीतून डोकावून. परत आल्यावर तू एका दोरवाल्या माणसाचं चित्र काढायला घेतलंस आणि मला विचारलंस, त्या खांबावर कोण आहे? तुला ते आठवत नसेल. मला आठवतं, कारण तुझ्या फळीवरची ती रेघ इतकी जागी होती की मला तिच्याकडे बघवेना. अजून एक आठवडा राहिली असतीस तर तू पुन्हा विचारलं असतंस आणि मी सांगितलं असतं. म्हणून लोकांदेखत खोटं बोलले आणि तुला बसमध्ये बसवलं.

माझ्या वडिलांनी आयुष्यात कोणाच्या कामाला खोटा शब्द लावला नाही, शेजाऱ्याच्याही नाही, गिऱ्हाइकाच्याही नाही. मी लावला. पहिली चोरी माझी. पण तू शिकलेली आहेस, तू सही केलीस, आणि तुझ्या शब्दावर आता माणसं ब्रश हातात घेतात. चौदा तारीख सोमवार आहे. मी ठरवत नाही. फक्त वार सांगितला.

सेफेरिना


लिमा, १६ सप्टेंबर २००९

आत्या,

टोचे पांढरे आहेत.

शुक्रवारी संध्याकाळी, दालन बंद व्हायच्या आधी पाहिले. आधी तोमासा काकूचे पाहिले, मग क्लेतोचे. काळे. मग माझे. काळे. मग त्याचे. दिवा बाजूने धरला तर खडूचा हात शेजारच्या कोणाहीपेक्षा गुळगुळीत आहे. तू तो किती वेळ घोटत बसली होतीस, ते मला विचारायचं नाही.

सोमवारी बैठक झाली. डायरेक्टरबाई, बुस्तियोस आणि मी. मी म्हटलं, नोंद चुकीची आहे, चेहरा गळालेला नाही, तो रंगवलेलाच नाही. बाईंनी कागद पुढे सरकवला आणि ही सही कोणाची ते विचारलं. मग एकेक करून सगळं सांगावं लागलं. नातं सांगितलं, हात ओळखला होता तेही, आणि तो कोण आहे तेही. बाईंनी पेनाचं टोपण लावलं. मग शांतपणे म्हणाल्या, की याच फळीबद्दल मी जुलैमध्ये चित्रकाराची भाची म्हणून खोटं लिहिलं आणि सप्टेंबरमध्ये त्या माणसाची मुलगी म्हणून खरं सांगते आहे, तर त्यांनी कोणत्या नेलिदावर विश्वास ठेवायचा? मला राग आला, पण त्यांचं चूक नव्हतं. मी म्हटलं, कोणावरच नको, भिंगावर ठेवा.

बुस्तियोस उठून दालनात गेले. आम्ही मागून. ते पाठीत वाकलेले, जाड काचांचा चष्मा, कमी बोलणारे. दहा मिनिटं फळीला नाक लावून उभे होते. मग म्हणाले, ‘इथे ब्रश कधी लागलेलाच नाही. मी लावला तर ती दुरुस्ती होणार नाही, साक्ष होईल. आणि मी तिथे नव्हतो.’ त्यांनी ब्रश पुसले आणि पेटीत ठेवले. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि मग नोंद रद्द केली.

माझ्याकडून मजकुराचं काम काढून घेतलंय. डिसेंबरपर्यंत तिकीट खिडकीवर. पुढचं नंतर बघू म्हणाल्या. मला वाईट वाटलं, लपवत नाही.

या फळीचा नवा कागद मात्र मला लिहू दिला, शेवटचा म्हणून, आणि तो बुस्तियोसनी तपासायचा. त्यांनी एक शब्दही बदलला नाही. तो असा आहे:

‘सेफेरिना युपारी, उर्कुपाता, १९८४. नव्या घराची फळी. खालून वर वाचावी. घरमालकाचा चेहरा रंगवलेला नाही.’

फळी आता मधल्या जिन्यापाशी उभी केली आहे. तिथे छत उंच आहे. पाय खाली, डोकं वर.

तुझ्यावरचा राग गेलेला नाही. आईवरचाही नाही, पण तिच्यावर तो कसा धरायचा हे आता कळत नाही. जो राग सगळ्यांत मोठा होता त्याचा मालकच चुकीचा निघाला. तो कुठे ठेवू, तेवढं सांग. ते ट्रकवाले कोण होते, हे विचारायला कोणत्या कचेरीत जायचं, त्याची चौकशी मी सुरू केली आहे.

आणि त्या रेघेचं. माझी रेघ जागी होती हे तू मला चौदा वर्षं सांगितलं नाहीस. ते मी सगळ्यांत शेवटी माफ करीन.

नेलिदा


उर्कुपाता, २१ सप्टेंबर २००९

नेली,

कागद मास्तरांना वाचून दाखवला. त्यांनी दोनदा ऐकला आणि म्हणाले, यात शोभेचं एकही विशेषण नाही. मी म्हटलं, म्हणून तर उभा आहे. पण चूक आहेच. नुसतं १९८४ लिहिलंस. महिना हवा. ऑक्टोबर. ज्यांच्या घरचे गेले ते आधी महिना वाचतात.

त्या कचेरीत एकटी जाऊ नकोस. सातपैकी चौघांच्या बायका अजून गावात आहेत आणि त्यांच्याकडे कागदांच्या पिशव्या आहेत. तुझ्याकडे वकिलासारखं लिहिणारा हात आहे. राग कुठे ठेवायचा विचारलंस ना, तिथे ठेव. त्याला तिथे पंचवीस वर्षांचं काम आहे.

क्लेतोने काल माफी मागितली. मी म्हटलं, मला नको, फळीची माग. बसची तिकिटं काढायला तो माणूस पाठवतोय. त्याचं स्वतःचंही तिकीट आहे. यायलाच लावलंय, त्याचा बेडूक त्यानेच ओळखावा.

आम्ही नऊ जण आहोत. गुरुवारी संध्याकाळी निघतो, शुक्रवारी सकाळी पोचतो. उकडलेला मका आणि चीज आमचं आम्ही आणतो, तू फक्त पाणी गरम ठेव. शनिवारी अकरा वाजता तुमच्या डायरेक्टरबाईंना जे भाषण करायचं ते करू दे. त्यांचं झालं की मी फळीपाशी उभी राहीन. धर्मबाप वारला, तेव्हा नावं मीच घेणार. खालून वर.

बरेच जण गेले आहेत. त्यांच्यासाठी आम्ही सगळे ‘इथे आहे’ म्हणू. ते कसं म्हणायचं ते तुझ्या त्या बुस्तियोसलाही सांगून ठेव, माणूस बरा दिसतो. पण देवाच्या पायापासून वर येताना पहिलं नाव गौदेन्सिओचं आहे. तिथे कोणी काही म्हणायचं नाही. तूसुद्धा नाही, कितीही वाटलं तरी. मी थांबेन. किती वेळ, ते मला माहीत नाही. त्या दिवशी आम्ही बराच वेळ थांबलो होतो.

मग एमिलियाना. तिला आम्ही ओ देऊ.

त्यानंतर तुझं नाव आहे. तेव्हा आईच्या पाठीवरून म्हणाली होतीस, मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं होतं. या वेळी समोर उभी राहा.

आत्या